खिशाला पेन

नोटिशीचं एक बरं असतं. दारात जायचं, नाव पुकारायचं, सही न्हाईतर अंगठा घ्यायचा आन् मोकळं व्हायचं. घेणारा घेत नसंल तर दाराला चिकटवायची, दोन पंचांच्या सह्या घ्यायच्या, तरीबी मोकळं. किस्स्याचं तसं न्हाई. किस्सा कोणी सही करून घेत न्हाई. त्यामुळं बावीस वर्षांच्या नोकरीत नोटिसा समद्या वाटून झाल्या आन् किस्से तेवढे माझ्यापाशी साचून राह्यले.

मी कोतवाल. पोलिसातला न्हाई हां, तो गैरसमज नको. तलाठी साहेबाच्या हाताखालचा, दवंडी देणारा, कागद पोचवणारा माणूस. घनसावंगी तालुक्यात गोदावरीच्या अंगाला आमचं गाव. गाव ओढ्याच्या अलीकडं, आमची भिल्लांची वस्ती पलीकडं. वस्ती म्हणती, "दादाराव हापिसाचा झाला." हापिस म्हणतं, "शेवटी हाय तर वस्तीचाच." दोघंबी माझ्याकडं बारीक डोळे करून बघतात. मीबी दोघांकडं तसाच बघतो, कारण दोघांनाबी मी चांगला ओळखतो.

०००

आमच्या वस्तीत पेनवाल्याला खरं नाव सांगत न्हाईत. ही आताची गोष्ट न्हाई, निजामाच्या काळातली हाय. कुठं शेळी गेली, कुठं कणसं खुडली, की ठाण्यातून माणूस यादी घेऊन यायचा आन् यादीत पहिली नावं आमची. एकदा नाव वहीत गेलं की ते बाहेर निघायचं न्हाई. मंग जुन्या लोकांनी ठरवलं, पेन दिसलं की गडी समदे मारोती आन् बाया समद्या लक्ष्मी. निजाम गेला, कायदा बदलला, पण हे काही बदललं न्हाई.

माझा चुलता, भाऊराव तात्या, वस्तीत सगळ्यात म्हातारा. हा नियम तो लई कडक पाळतो. मागं एकदा शाळेतल्या बाई जनगणनेचे कागद घेऊन आल्त्या. तात्या त्यांना घरोघर हिंडवून राह्यला. पहिल्या घरी मारोती, दुसऱ्या घरी मारोती. बाई भल्या, लिहीत गेल्या. सहावा मारोती लिहिला आन् त्यांचं पेन थांबलं.

"अहो, या वस्तीत दुसरं नावच नाही का?"

तात्या म्हणला, "हाय ना बाई. लक्ष्मी."

०००

मंग मागच्या टायमाला सरपंचपदाची सोडत निघाली आन् आमच्या गावची खुर्ची अनुसूचित जमातीला सुटली. गावात त्या जमातीचे म्हणजे आम्हीच, ओढ्यापल्याडचे. ही बातमी मीच दवंडी देऊन सांगितली. गावानं ऐकली आन् दारं लावून घेतली. वस्तीनं ऐकलीच न्हाई, कारण कोतवालाची दवंडी म्हणजे काहीतरी जप्ती असणार, असं वस्तीला वाटतं.

गावात पंधरा वर्षं अण्णांचं चालतं. सरपंच कोणीबी असो, शिक्का अण्णांच्या कपाटात. तर अण्णा दुसऱ्याच दिवशी मोटरसायकल ओढ्यातून घालून वस्तीवर आले. जन्मात पहिल्यांदा. त्यांना येताना पाह्यलं आन् वस्तीतले गडी पाठीमागच्या तुरीत पसार झाले. कोणी काही केलेलं नव्हतं. पण अण्णा स्वतः आले म्हणजे कायतरी मोठंच झालं असणार.

दारात राह्यली फक्त माझी बहीण सुमन. नवरा वारल्यावर पोरीला घेऊन माहेरी आली, नदीचे मासे घनसावंगीच्या बाजारात विकती. तराजू हातात असलेली बाई, ती कशाला पळंल?

अण्णा हसत म्हणले, "सुमनबाई, सरपंच होती का?"

सुमन म्हणली, "अण्णा, आधी सांगा, काय हरवलंय?"

०००

अण्णांचं म्हणणं सरळ होतं. नाव सुमनचं, सह्या सुमनच्या, बाकीचं समदं ते बघतील. सुमननं विचारलं, "मंग ओढ्यावरच्या पुलाचं कोण बघंल?" पावसाळ्यात वस्ती चार-चार दिवस तुटून पडती. पोरं शाळेला न्हाईत, बाळंतीण दवाखान्याला न्हाई. अण्णा म्हणले, "पुलाचं नंतर." सुमन म्हणली, "मंग सरपंचाचंबी नंतर." आन् तिनं आपल्या मनानं फारम भरायचं ठरवलं.

अण्णा गप बसणारे न्हाईत. आठ दिवसांत त्यांचे मेहुणे विलासराव जमातीचा दाखला घेऊन हजर. आता विलासरावांना मी वीस वर्षं ओळखतो. त्यांच्या जमिनीचे कागद मी वाह्यलेत. ते भिल्ल हायेत ही गोष्ट मला नवी होती आन् बहुतेक त्यांनाबी.

एक दिवस घनसावंगीच्या स्टँडसमोर त्यांनी मला हाटेलात नेलं. भजे मागवले, चहा मागवला. भजे आले तव्हाच मला शंका आली. वीस वर्षांत या माणसानं मला पाणी विचारलं न्हाई. मंग त्यांनी डायरी काढली, पेनाचं टोपण काढलं आन् हळूच विचारलं, "दादाराव, तुमच्यात... म्हणजे आपल्यात, लग्नाला काय काय असतं?"

समोर पेन. माझ्या तोंडून खरं निघणं शक्यच नव्हतं. मनात आणलं असतं तरी निघालं नसतं, सवयच तशी.

मी म्हणलो, "नवरदेवाला टोपलीवर बसवतात. पालथ्या."

"कसली टोपली?"

"मासे ठेवायची. नवी कोरी."

त्यांनी लिहिलं, 'नवी कोरी', खाली रेघ मारली. "कशामुळं पण?"

"पिढ्यान्‌पिढ्याचं हाय," मी म्हणलो. ते इतके खूश झाले की आणखी एक प्लेट भजे सांगितले. मी जीपमध्ये घरापर्यंत एकटाच हसत आलो आन् घरी कोणाला बोललो न्हाई. आमच्या घरात गोष्ट सांगितली की ती वस्तीत जाती, वस्तीतून गावात जाती.

०००

सुमन निवडून आली. गावाला वस्तीचं लई प्रेम आलं म्हणून न्हाई. निम्म्या गावाचा अण्णांवर संशय आन् उरलेल्याचा विलासरावांवर. मधी जी राह्यली तिला मतं पडली.

पहिल्याच बैठकीत ग्रामसेवकानं ठरावाचं रजिस्टर तिच्यापुढं सरकवलं आन् सहीची जागा बोटानं दाखवली. सुमनला वाचायला जमतं, पण गिचमिड अक्षर लागत न्हाई. ती म्हणली, "वाचून दाखवा." त्यानं भरभर वाचलं. ती म्हणली, "परत वाचा." त्यानं परत वाचलं. ती म्हणली, "तिसरी ओळ. आत्ता मुरूम म्हणले, मघाशी खडी म्हणले होते."

ग्रामसेवक पाणी प्यायला बाहेर गेला. मी तिला म्हणलो, "तुला कसं कळलं?" ती म्हणली, "दादा, एकदा वाचलेलं कोणालाबी खरं वाटतं. खोट्याला दुसऱ्यांदा तसंच वाचता येत न्हाई." पुलाचा ठराव त्याच बैठकीत झाला. तो तिनं तीनदा वाचून घेतला.

०००

पण खुर्ची अजून पक्की नव्हती. राखीव जागेवर निवडून आलं की जमातीचा दाखला समितीकडून तपासून घ्यावा लागतो. त्याचं वैधता प्रमाणपत्र मुदतीत दिलं तर खुर्ची, न्हाईतर घरी. संविधानाच्या यादीत आमच्या जमातीचं नाव हाय, पण त्या नावाखाली आम्ही येतो का, हे आम्हीच सिद्ध करायचं. आन् पुरावा पाह्यजे पन्नास सालाच्या आधीचा. ज्यांनी जन्मभर पेनापासून तोंड लपवलं, त्यांचा पुरावा मागून राह्यले!

मी कोतवाल, मला कागदाची वाट मालूम. महिनाभर जालन्याला खेटे घातले. शाळेत आमच्या आज्याचं नाव न्हाई, जमिनीत न्हाई, कुठंच न्हाई. शेवटी एका जुन्या दप्तरात ठाण्याच्या वहीचं, आमच्या वस्तीचं एक पान सापडलं. उर्दूत. नक्कल घेऊन मी जालन्यातच मस्तगडला एका रिटायर्ड उर्दू मास्तरांकडं गेलो. त्यांनी चष्मा पुसला आन् वाचलं, "मारोती वल्द मारोती, कौम भिल्ल, शुब्ह्यावरून म्हणजे संशयावरून धरून आणला, काही मिळालं न्हाई, सोडून दिला."

वस्तीतून ठाण्यात नेलेला आमचा आजाच, हे तात्याकडून ऐकलेलं. मला एवढा आनंद झाला, काय सांगू. आज्याला चोर म्हणून धरलं होतं आन् मी पेढे घ्यायला निघालो होतो. मास्तर म्हणले, "कागज बिलकुल मजबूत है. आपको भील सरकार ने खुद लिखा है."

समितीच्या हापिसात बाबूनं कागद उलटून पालटून पाह्यला. "बापाचं नाव मारोती आणि मुलाचंही मारोती? संशयास्पद आहे."

मी म्हणलो, "साहेब, त्यांनीबी संशयावरूनच धरलं होतं."

०००

बाबूनं सांगितलं, वंशावळीत नावं नीट लावून आणा. आता आज्याचं खरं नाव वस्तीत एकट्या तात्याला माहीत. सुमन कागद घेऊन त्याच्या खाटेपाशी बसली. मीबी बसलो.

तात्या म्हणला, "आधी ते पेन बाहेर ठेव." सुमननं पेन उंबऱ्याबाहेर ठेवलं. मंग माझ्याकडं बघून म्हणला, "तूबी जा."

"तात्या, माझ्याकडं पेन न्हाई."

"तू कोतवाल हायेस."

माझा आजा तो, त्याचं नाव मला नको? राग आला, खोटं कशाला बोलू. पण उठलो, बाहेर लिंबाखाली जाऊन बसलो. थोड्या वेळानं सुमन आली. पदरानं डोळे पुसत होती. मी विचारलं, "काय नाव?" ती म्हणली, "चांगलं नाव हाय, दादा." एवढंच. वंशावळीत तिनं मारोतीच लिहिलं, कारण तात्याला तसा शब्द देऊन आल्ती. मला ते नाव आजपर्यंत माहीत न्हाई.

०००

मुदत संपायला थोडे दिवस राह्यले आन् चौकशीवाले साहेब वस्तीवर आले. तरणा माणूस, वाईट नव्हता. छापील प्रश्नांचा कागद होता. तात्याला खाटेवर बसवलं, भोवती समदी वस्ती. मी साहेबांची पाण्याची बाटली धरून उभा.

"बाबा, तुमचं नाव?"

"मारोती."

"जंगलात राहता का?"

तात्यानं चारी बाजूला पाह्यलं. एका अंगाला ऊस, एका अंगाला कापूस. "दाखवा कुठंय, जातो."

"घरात तिरकमठा आहे का?"

"होता. तो पोलिसांनी नेला. पावती दिली न्हाई."

साहेब हसले, लिहीत राह्यले. मंग त्यांनी फाईलीतून दुसरा कागद काढला. "तुमच्याविरुद्ध तक्रार आहे. सरपंचबाई खऱ्या भिल्ल नाहीत, असं एका गृहस्थांचं म्हणणं आहे. ते स्वतःला भिल्ल म्हणवतात. त्यांनी लिहिलंय, या भागातल्या खऱ्या भिल्लांची एक खूण आहे, ती यांना विचारा, सांगता येणार नाही." साहेबांनी चष्मा वर केला. "लग्नात तुम्ही नवरदेवाला कशावर बसवता?"

माझीच टोपली फिरून माझ्याच बहिणीच्या खुर्चीवर येऊन पडली. आन् घरात मी कोणाला एका शब्दानं बोललो नव्हतो. तात्या आता खरं बोलला असता, 'पाटावर बसवतो,' तर साहेबांनी ते लिहिलं असतं आन् खुर्ची गेली असती, खुर्चीसंगं पूलबी. मी पुढं होऊन सांगावं, 'ते मी खोटं सांगितलं होतं,' तर कोतवाल खोटं सांगतो म्हणून आज्याचा कागदबी खोटा. सुमन माझ्याकडं बघून राह्यली. तिला काहीच माहीत नव्हतं, पण माझा चेहरा तिला माहीत.

पण तात्यानं पेनवाल्याला जन्मात सरळ उत्तर दिलेलं न्हाई. तो म्हणला, "त्यांनी काय लिवलंय?"

"पालथ्या टोपलीवर."

तात्यानं सगळ्या वस्तीवरून नजर फिरवली. ती माझ्यावर येऊन थांबली. मी खाली पाह्यलं. तेवढं त्याला पुरलं.

"बराबर हाय," तात्या म्हणला. "पण कोणती टोपली, ते लिवलं का?"

साहेबांनी वाचलं, "मासे ठेवायची, नवी कोरी."

तात्या हळहळला. "नवी? अरे देवा. नव्या टोपलीवर नवरदेवाला बसवतेत व्हय? वापरलेली लागती, साहेब. वास लागलेली. त्या गृहस्थाला कोणीतरी अर्धवटच सांगितलं बघा."

पाठीमागून माझी काकू म्हणली, "आन् नवरीच्या मायनं ती धुवायची नसती." दुसरी कोणी म्हणली, "धुतली तर परत नवी आणून तिच्यात मासे ठेवावे लागतेत." वस्तीत एकानंबी कोणाला काही विचारलं न्हाई. समदे माना हलवून राह्यले. साहेब भराभर लिहीत गेले, दोन पानं भरली, मंग तक्रारीच्या कागदावर पेनानं फुली मारली. "तक्रारदाराला पूर्ण माहिती दिसत नाही."

साहेबांची गाडी ओढ्यापार गेली तसं तात्यानं मला जवळ बोलावलं. "टोपली तुझीच ना?"

"होय, तात्या."

"पुढच्या टायमाला घरात सांगून खोटं बोलत जा."

०००

वैधता प्रमाणपत्र आलं. मुदतीच्या दोन दिवस आधी. अहवालात आज्याच्या कागदावर एक ओळ होती, 'नामसाधर्म्यामुळे निष्कर्ष काढता येत नाही.' टोपलीवर अर्धं पान होतं. वस्तीनं हलगी वाजवली, मीबी नाचलो. पण घरी आल्यावर वाईट वाटलं. आज्यानं ठाण्यात खरा मार खाल्ला असंल, तो कागद खाली राह्यला आन् भजे खात मारलेली थाप वर आली. सुमनला हे बोललो तर ती म्हणली, "दादा, पूल होऊ दे, मंग दोघं मिळून वाईट वाटून घेऊ."

पुलाचे खांब उभे राह्यले त्याच उन्हाळ्यात तिच्या पोरीचं लग्न निघालं. रिवाजाप्रमाणं गावाला आमंत्रण. अण्णा आले, विलासरावबी आले आन् पहिल्या रांगेत मोबाईल धरून बसले. शूटिंग करून राह्यले होते. कशासाठी शूटिंग, ते आम्हाला बराबर कळलं.

तात्यानं आवाज दिला, "टोपली आणा."

नवरदेव बिचारा कोटात. पालथी टोपली पाह्यली, वास घेतला आन् माझ्याकडं वाकून म्हणला, "मामा, हे काय हाय?"

तात्या म्हणला, "पिढ्यान्‌पिढ्याचं हाय. बस."

तो बसला. विलासरावांनी मोबाईल खिशात घातला.

०००

आता ह्याच दिवाळीनंतर मी परतूरकडं गेल्तो. लांबच्या नात्यातलं लग्न. आमच्यासारखीच वस्ती, पण त्या लोकांची आमची ये-जा न्हाई, मीच पहिल्यांदा गेल्तो. मांडवात अंतरपाट धरला, भटजी बसले, वाजंत्री थांबली. तेवढ्यात एक म्हातारी हात वर करून उठली.

"थांबा, थांबा. टोपली कुठंय?"

आतून दोघीजणी पळत टोपली घेऊन आल्या. काळी पडलेली, कड तुटलेली, मांडवभर माशाचा वास सुटला. पालथी घातली. नवरदेव काही न विचारता जाऊन बसला.

मी वाट काढत म्हातारीपाशी गेलो. "मावशी, हा रिवाज तुमच्यात कवापासून हाय?"

"कवापासून म्हणजे? माझ्या लग्नातबी होती. माझ्या मायच्या लग्नातबी."

"नक्की?"

"मंग? बिना टोपलीचं कुठं लग्न असतं का?"

मंग म्हणलो, "मावशी, तुमचं नाव काय म्हणलं?"

तिनं मला खालून वरपर्यंत पाह्यलं. माझ्या सदऱ्याच्या खिशाला पेन होतं, तिथं तिची नजर थांबली.

"लक्ष्मी," ती म्हणली.